खंड, उत्पादक आणि बटाईदार : आर्कान्सासमधील पॉइनसेट काउंटीतील कापूस-अनुदानाचा इतिहास

१

शासन जेव्हा शेतकऱ्याला रोख पैसा देऊ करते, तेव्हा ‘शेतकरी’ या शब्दाचा अर्थ त्याला आधी निश्चित करावा लागतो. जमिनीचा मालक, ती खंडाने घेणारा, अर्धेलीने कसणारा आणि तिच्यावर रोजाने राबणारा हे चौघेही बोलण्याच्या ओघात शेतकरीच असतात; परंतु चेकवर एकच नाव लिहावयाचे झाले, की बोलण्यातील ही सैल एकता टिकत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३३ सालानंतर कापूस-उत्पादकांना जे सरकारी अनुदान मिळाले, त्याच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. या अनुदानाचे अर्थशास्त्र पुष्कळ अभ्यासकांनी तपासले आहे. त्याची परिभाषा कशी घडली आणि त्या परिभाषेने प्रत्यक्ष माणसांचे काय केले, हा त्या मानाने कमी चर्चिला गेलेला प्रश्न होय. प्रस्तुत लेखात आर्कान्सास राज्यातील पॉइनसेट या एकाच काउंटीचे उदाहरण समोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय घटक. तिला स्वतःचे न्यायालय, निवडून आलेला शेरीफ आणि करवसुलीचा अधिकार असतो. शेतीविषयक संघराज्यीय योजना अंमलात आणताना वॉशिंग्टन येथील शासनाला जो सर्वांत खालचा हात उपलब्ध होता, तो काउंटीचाच. म्हणून अनुदानाचा इतिहास कायद्याच्या कलमांत जितका सापडतो, तितकाच काउंटीच्या कचेरीतही सापडतो.

२

पॉइनसेट काउंटी आर्कान्सासच्या ईशान्य भागात, मेम्फिस शहराच्या वायव्येस आहे. क्राउलीज रिज नावाची एक लांबट टेकडी या काउंटीतून दक्षिणोत्तर जाते. तिच्या पूर्वेचा प्रदेश सेंट फ्रान्सिस नदीच्या खोऱ्यातील पाणथळ जंगलाचा होता. १८११-१२ मधील न्यू मॅड्रिडच्या भूकंपांनी त्यातील काही भाग खचला होता, आणि ‘खचलेली भूमी’ हेच त्याचे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड-कंपन्यांनी हे जंगल तोडले, चर खणून पाण्याचा निचरा केला आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळाच्या जमिनीत कापूस सुरू झाला. तेव्हा येथील मळे हे गुलामगिरीच्या काळातील जुन्या घराण्यांचे नव्हते. ते नवे होते, भांडवलावर उभे होते आणि त्यांचे मालक बहुधा हिशेबी व्यापारी वृत्तीचे होते. मात्र मजुरीची पद्धत त्यांनी जुन्या दक्षिणेचीच उचलली.

त्या पद्धतीतील संज्ञा नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पुढील सारा तंटा या संज्ञांचाच आहे. जो रोख रक्कम देऊन जमीन घेतो, तो खंडकरी. ज्याच्यापाशी स्वतःचे खेचर आणि अवजारे असतात, आणि जो कापसाचा चौथा व मक्याचा तिसरा हिस्सा मालकास देतो, तो वाटेकरी कूळ. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज काहीही नाही, ज्याला जमीन, घर, खेचर, अवजारे, बियाणे सर्व मालक पुरवितो आणि जो निम्मे पीक घेतो, तो बटाईदार. मराठी वाचकाला ‘खंड’ आणि ‘बटाई’ यांतील भेद सांगावा लागत नाही. तथापि, अमेरिकन दक्षिणेत या भेदाला कायद्याने एक वेगळी धार आणली होती. बहुतेक दक्षिणी राज्यांच्या न्यायालयांनी असा दंडक घातला होता, की वाटेकरी कूळ हा पिकाचा धनी असून तो मालकाला हिस्सा देतो. बटाईदार मात्र पिकाचा धनी नव्हेच. पीक मालकाचे आणि बटाईदाराला मिळते ती पिकाच्या रूपाने दिलेली मजुरी. म्हणजे शेतात दोघांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे सारखेच पडत. एक कूळ ठरे आणि दुसरा मजूर.

वर्षभराच्या उपजीविकेसाठी बटाईदाराला मालकाच्या दुकानातून उचल मिळे. पीठ, डुकराचे मांस, काकवी, तंबाखू हे जिन्नस खाती मांडले जात, आणि हंगामाच्या शेवटी कापूस विकून ‘हिशेब’ होई. वही मालकाची, वजन मालकाचे, व्याजाची आकारणीही मालकाची. हिशेबात काही शिल्लक निघाले नाही, तर बाकी पुढील सालावर ओढली जाई. या वहीचा उल्लेख येथे एवढ्याचकरिता केला, की सरकारी पैसा जेव्हा मळ्यावर आला, तेव्हा तो प्रथम याच वहीच्या पानावर उतरला.

३

१९३२ साली कापसाचा सरासरी भाव पौंडास सुमारे ६.५ सेंटपर्यंत घसरला होता. १२ मे १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी कृषि-समायोजन अधिनियमावर सही केली. १९०९ ते १९१४ या काळात शेतमालाची जी क्रयशक्ती होती, ती शेतकऱ्याला परत मिळवून द्यावयाची, हे या कायद्याचे उद्दिष्ट. यालाच ‘समतामूल्य’ म्हटले गेले. उपाय असा, की पेरा कमी करावा आणि जो शेतकरी तो कमी करील त्यास शासनाने पैसा द्यावा. त्यासाठी लागणारी रक्कम सूतगिरण्यांसारख्या प्रक्रिया-उद्योगांवर कर बसवून उभारावयाची होती.

कायदा झाला तेव्हा कापूस पेरून झाला होता. यास्तव १९३३ च्या उन्हाळ्यात उभे पीक नांगरून टाकण्याची मोहीम काढावी लागली. दहा लाखांहून अधिक करार झाले आणि सुमारे एक कोटी एकरांवरील कापूस मोडला गेला. एकरी उताऱ्याप्रमाणे ७ ते २० डॉलर रोख, किंवा ६ ते १२ डॉलर रोख आणि सरकारजवळील कापूस ६ सेंटांनी घेण्याचा हक्क, असे दोन पर्याय होते. कापसाच्या ओळीवर पाय पडू नये अशी शिकवण असलेली खेचरे ओळीवरून नांगर ओढण्यास तयार होईनात, ही कथा त्या वर्षी दक्षिणेत सर्वत्र सांगितली गेली.

एवढे करार काही आठवड्यांत पार पाडण्यास नवी नोकरशाही उभी करणे शक्य नव्हते. म्हणून १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याखाली स्थापन झालेली कृषिविस्तार-सेवा हाताशी धरण्यात आली. तिचा प्रत्येक काउंटीत एक ‘काउंटी एजंट’ असे. त्याचा पगार अंशतः संघराज्याकडून आणि अंशतः स्थानिक निधीतून येई, व त्याची ऊठबस मोठ्या शेतकऱ्यांत असे. त्याच्या शिफारशीने स्थानिक ‘प्रतिष्ठित उत्पादकांच्या’ समित्या नेमल्या गेल्या. प्रत्येक शेताचा पेरा किती, सरासरी उतारा किती, करार पाळला गेला की नाही, हे त्यांनी ठरवावयाचे. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांचा कारभार पाहावा, हे तत्त्व म्हणून उत्तमच होते. परंतु पूर्व आर्कान्सासमध्ये प्रतिष्ठित उत्पादक म्हणजे मळेवाला. पॉइनसेटसारख्या काउंटीत समितीवर बटाईदार बसणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

१९३३ च्या पैशाची वाटणी पिकातील हितसंबंधानुसार व्हावी अशी अपेक्षा होती. त्याप्रमाणे बटाईदाराला निम्मे मिळावयास हवे होते. परंतु करारावर सही मालकाची होती आणि पैसाही बहुधा त्याच्या हातून येई. तेव्हा कित्येक ठिकाणी बटाईदाराचा वाटा जुन्या उचलीच्या बाकीत वळता झाला. हा अपहारच होता असे सरसकट म्हणता येणार नाही; बाकी खरी असेल तर वसुलीही कायदेशीर होती. पण बाकी खरी की खोटी, हे पाहण्याचे साधन बटाईदारापाशी नव्हते.

४

१९३४ व १९३५ या दोन वर्षांसाठी जो करार सिद्ध झाला, त्यात वाटणी अस्पष्ट ठेवलेली नव्हती. ती इतकी स्पष्ट होती, की तिच्यावरूनच सारे रामायण घडले.

या करारात पैशाचे दोन भाग केले होते. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उताऱ्यावर पौंडामागे ३.५ सेंट, याचे नाव ‘खंड’. शेताच्या मूळ उत्पादनापैकी ४० टक्के भागावर पौंडामागे किमान १ सेंट. याचे नाव ‘समतामूल्य-अनुदान’. खंड जमिनीचा असल्यामुळे तो जमीनवाल्याला मिळावयाचा. रोख खंडकऱ्याला तो पूर्ण मिळे. स्वतःच्या जबाबदारीवर शेती चालविणाऱ्या ‘व्यवस्थापक वाटेकऱ्याला’ निम्मा मिळे. बटाईदाराला त्यातील काहीही नाही. समतामूल्य-अनुदान मात्र पिकाच्या हिश्शाप्रमाणे वाटावयाचे. म्हणून बटाईदाराला त्यातील अर्धा सेंट मिळे. एकूण साडेचार सेंटांपैकी मालकाला चार आणि बटाईदाराला अर्धा, अशी ही विभागणी.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित हिशेब मांडता येईल. बटाईदाराकडे २० एकर कापूस आहे आणि उतारा एकरी २०० पौंड आहे असे समजा. पेरा ४० टक्के कमी करावयाचा, म्हणजे ८ एकर पडीक राहतील. त्यांवरील १,६०० पौंडांचा खंड ५६ डॉलर. समतामूल्य-अनुदान १,६०० पौंडांवर १६ डॉलर. मालकाला ५६ अधिक ८, म्हणजे ६४ डॉलर, आणि बटाईदाराला ८ डॉलर. आता भाववाढही हिशेबात घेतली पाहिजे. १९३२ च्या ६.५ सेंट भावाने बटाईदाराच्या निम्म्या पिकाचे, म्हणजे २,००० पौंडांचे, १३० डॉलर येत. १९३४ साली भाव १२ सेंटांवर गेला. त्या भावाने १,२०० पौंडांचे १४४ डॉलर येतात, आणि अनुदान धरून १५२ डॉलर होतात. मालकाचे तेच १३० डॉलर २०८ होतात. यांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जो बटाईदार मळ्यावर टिकला, त्याला योजनेने बुडविले असे म्हणता येत नाही. त्याची प्राप्ती थोडी वाढलीच. परंतु पेरा दोन-पंचमांश घटल्यावर तितक्या माणसांची गरज उरली नाही. आणि ज्याला काढून टाकले, त्याच्या दृष्टीने वाढलेला भाव निरर्थक होता. शिवाय त्याला काढून रोजाने मजूर लावला, तर उरलेला अर्धा सेंटही मालकाकडेच राही.

येथे ‘खंड’ या शब्दाची निवड विचारात घेण्याजोगी आहे. शासन त्या जमिनीवर काही पिकविणार नव्हते. ते पेरा कमी केल्याची भरपाई देत होते. ही भरपाई ‘बुडालेल्या पिकाची’ म्हटली असती, तर पिकाच्या नेहमीच्या रिवाजाने बटाईदाराचा निम्मा वाटा आपोआप सिद्ध झाला असता. ती ‘जमिनीचा खंड’ म्हटली, आणि शासन जणू मळ्यावरील एक नवे खंडकरी कूळ झाले. खंड मालकाला द्यावयाचा असतो, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. ज्या वाटणीचे समर्थन न्यायाच्या भाषेत करणे अवघड गेले असते, ती एका नामाच्या योजनेने स्वयंसिद्ध वाटू लागली. या निवडीमागे निव्वळ कावा होता असे मात्र नाही. कापूस-विभागाचे प्रमुख कली कॉब आणि त्यांचे सहकारी यांची अशी धारणा होती, की मालकांचे सहकार्य नसेल तर योजना उभीच राहणार नाही आणि ते सहकार्य विकत घ्यावे लागेल. कायदा राबविण्यासाठी ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली. ती मोजली गेली बटाईदाराच्या खिशातून.

करारातील दुसरा शब्द ‘उत्पादक’. सही करणारा मालक तो उत्पादक. हाताने कापूस पिकविणारा बटाईदार या अर्थाने उत्पादक नव्हता; तो करारात तृतीय पुरुषी येतो, ज्याच्याविषयी दोन पक्ष आपसांत काही ठरवितात असा.

५

बटाईदारांच्या संरक्षणाचा विचार करारात नव्हता असे नाही. सातव्या कलमात तो होता. पेरा कमी करताना सामाजिक व आर्थिक उलथापालथ शक्य तितकी कमी व्हावी, असा प्रयत्न उत्पादकाने सद्भावनेने करावा. शक्य तोवर शेतावरील कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी. आणि सर्व कुळांना त्या दोन वर्षांसाठी आपापल्या घरांत बिनभाड्याने राहू द्यावे, मात्र कोणी उपद्रवी ठरल्यास त्याला काढण्यास मोकळीक असावी, असा त्याचा आशय होता.

व्याकरणदृष्ट्या या कलमात एक दुफळी आहे. ‘कुळांची संख्या’ कायम ठेवावयाची म्हटले, की मोजदाद पुरते. आजची दहा कुटुंबे जाऊन उद्या दुसरी दहा आली तरी संख्या कायमच. परंतु ‘सर्व कुळांना आपापल्या घरांत राहू द्यावे’ म्हटले, की ती विशिष्ट माणसे अभिप्रेत होतात. आधी राहणारालाच राहू देता येते. एका उपवाक्यात कूळ म्हणजे आकडा आहे आणि दुसऱ्यात कूळ म्हणजे व्यक्ती. त्यात पुन्हा ‘शक्य तोवर’ हे क्रियाविशेषण संख्येच्या आज्ञेला चिकटलेले. ते काय शक्य आहे हे ठरविणार मालकच, आणि त्याच्याविरुद्धची तक्रार जाणार ती काउंटी एजंट व समिती यांच्याकडे. कुंपणानेच शेत खावे, तशी ही व्यवस्था होती.

हा व्याकरणाचा प्रश्न पॉइनसेट काउंटीत जिवंत झाला. टायरोन्झा या लहानशा गावाजवळ हायरम नॉरक्रॉस यांचा फेअरव्ह्यू नावाचा मळा होता. १९३४ च्या आरंभी त्यांनी कित्येक बटाईदार कुटुंबांना काढून टाकले. टायरोन्झा येथे एच. एल. मिचेल हे कपडे धुण्याचे दुकान आणि त्यांचे मित्र क्ले ईस्ट पेट्रोलचा पंप चालवीत. दोघेही समाजवादी पक्षाचे. त्या पक्षाचे नेते नॉर्मन टॉमस यांनी त्या भागास भेट दिली, आणि मेम्फिस येथील शरीरविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम ॲम्बरसन यांनी बटाईदारांच्या स्थितीची पाहणी हाती घेतली. १९३४ च्या जुलै महिन्यात टायरोन्झाच्या दक्षिणेस एका शाळेत ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय पुरुष जमले आणि त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही संघटना स्थापली. पंधराच वर्षांपूर्वी, १९१९ साली, याच राज्यातील एलेन येथे कृष्णवर्णीय बटाईदारांनी संघटना केली असता त्यांची भीषण कत्तल झाली होती. त्या आठवणीची जाण असलेले लोक त्या शाळेत होते. तरीही दोन संघटना करावयाच्या की एक, या प्रश्नावर त्यांनी ‘एक’ असा निर्णय घेतला. संघटनेच्या नावात त्यांनी ‘टेनंट’ म्हणजे कूळ हा शब्द घेतला, आणि त्यालाच ‘फार्मर्स’ म्हणजे शेतकरी हे पद जोडले. न्यायालयांनी ज्यांना मजूर ठरविले होते, ते स्वतःस कूळ आणि शेतकरी म्हणवीत होते. करारातील शब्दांना दिलेले ते पहिले उत्तर होय.

संघटनेने नॉरक्रॉस यांच्याविरुद्ध सातव्या कलमाच्या आधारे दावा लावला. परंतु करार हा मालक आणि शेतकी-मंत्री यांच्यामधील होता. बटाईदार त्याचे पक्षच नव्हते, तेव्हा तो मोडल्याची तक्रार त्यांना न्यायालयात करता येईना. १९३५ साली आर्कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. करारात तृतीय पुरुषी असलेला माणूस न्यायालयातही तृतीय पुरुषीच राहिला.

वॉशिंग्टनमध्ये मात्र हा प्रश्न विझला नव्हता. समायोजन-प्रशासनाच्या विधिविभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक यांनी जानेवारी १९३५ मध्ये मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना आर्कान्सासला पाठविले. त्यांचा अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. त्याच सुमारास त्या विभागातील अल्जर हिस यांनी सातव्या कलमाचे विवेचन करून असा अभिप्राय दिला, की मालकाने केवळ तितकी कुळे ठेवणे पुरेसे नाही. तीच कुळे ठेवली पाहिजेत. प्रशासक चेस्टर डेव्हिस प्रवासात असताना हा अर्थ निर्णय म्हणून पुढे पाठविण्यात आला. डेव्हिस परतले आणि त्यांनी शेतकी-मंत्री हेन्‍री वॅलेस यांच्याकडे विरोधकांच्या हकालपट्टीची मागणी केली. ५ फेब्रुवारी १९३५ रोजी फ्रँक, ली प्रेसमन, गार्डनर जॅक्सन आणि इतर काही जणांना काढून टाकण्यात आले. ‘संख्या’ हाच अर्थ कायम झाला. सेनेटमधील बहुमत-पक्षाचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे आर्कान्सासचेच होते, आणि दक्षिणेतील सदस्यांच्या मतांवाचून रूझवेल्ट यांचा एकही कायदा पुढे सरकत नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे एका वाक्याच्या अन्वयार्थावरून एवढे वादळ का उठले, याचा उलगडा होतो.

त्या वसंतात मार्क्ड ट्री आणि आसपासच्या गावांत सभांवर बंदी, कार्यकर्त्यांना अटक आणि रात्री घरांवर गोळीबार असे प्रकार घडले. संघटनेचे वकील सी. टी. कार्पेंटर यांच्या घरावरही गोळ्या झाडण्यात आल्या. तरी संघटना मोडली नाही. १९३५ च्या शरदात तिने वेचणीचा दर शंभर पौंडांस एक डॉलर मागून संप केला, आणि पुष्कळ ठिकाणी तो ७५ सेंटांपर्यंत वाढवून घेतला.

६

६ जानेवारी १९३६ रोजी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बटलर खटल्यात प्रक्रिया-कर आणि त्यावर आधारलेले करार घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत भूसंधारणाचा नवा कायदा झाला. आता शासन खंड देईना. मातीची झीज करणाऱ्या पिकांऐवजी तिचा कस राखणारी पिके घेतल्याबद्दल ते पैसा देऊ लागले. नाव बदलताच वाटणीचा पाया बदलणे शक्य झाले. त्यापूर्वी बटाईदाराचा हिस्सा एकूण पैशाच्या नवव्या भागाइतका होता. १९३६ साली तो चौथाईवर आला, आणि १९३८ च्या कायद्यानंतर पिकाच्या वाट्याइतका, म्हणजे निम्मा, झाला. पुढे पुढे चेकही बटाईदाराच्या नावे थेट येऊ लागला. कुळांची संख्या घटवून मालकाने आपले अनुदान वाढवू नये, असे बंधनही १९३८ च्या कायद्यात घालण्यात आले. १९३४ मध्ये जे मागितले गेले, त्यातील बरेचसे चार वर्षांत कागदावर मिळाले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु अनुदानाचा निम्मा भाग बटाईदाराला द्यावयाचा, तर बटाईदार ठेवावाच कशाला, असा हिशेब मळेवाल्यांनी केला. रोजाच्या मजुराचा अनुदानात काहीच वाटा नव्हता. तोच माणूस, त्याच मळ्यावर, तेच काम करीत राहिला तरी त्याला ‘मजूर’ म्हटले की सारा चेक मालकाचा. जानेवारी १९३९ मध्ये आर्कान्सासला लागून असलेल्या मिसूरीच्या आग्नेय कोपऱ्यात हजाराहून अधिक माणसे आपली चूलभांडी घेऊन ६० व ६१ क्रमांकांच्या महामार्गांच्या कडेला ऐन थंडीत येऊन बसली. ओवेन व्हिटफील्ड हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि संघटनेचे पदाधिकारी त्यांचे नेते होते. मालकांनी बटाई मोडून रोजंदारी सुरू केली होती, आणि हंगामाच्या तोंडावर घरे खाली करावी लागणारे हे लोक रस्त्यावर उघडपणे दिसावेत, हाच या प्रयोगाचा हेतू होता.

दक्षिणेत १९३० च्या गणनेत सुमारे ७ लाख ७६ हजार बटाईदार होते. १९४० च्या गणनेत ते सुमारे ५ लाख ४१ हजार राहिले. या घटीचे सारे कारण अनुदान होते असे मानणे युक्त होणार नाही. मंदी, ट्रॅक्टर, सरकारी मदतकार्ये आणि उत्तरेकडील स्थलांतर यांचाही त्यात हात होता. कापूस वेचणारे यंत्र मात्र या दशकात मळ्यांवर पोहोचले नव्हते. रस्ट बंधूंच्या यंत्राचे १९३६ मध्ये मिसिसिपी राज्यात प्रात्यक्षिक झाले, पण त्याचा व्यापक वापर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ही कालगणना महत्त्वाची आहे. बटाईदाराला यंत्राने हुसकावले, हे नेहमीचे विधान निदान पहिल्या दशकापुरते उलटे वाचावे लागते. पेरणी-नांगरणीसाठी ट्रॅक्टर घेण्यास लागणारे भांडवल अनुदानातून उभे राहिले, आणि वेचणीला माणसे लागत ती रोजाने मिळू लागली.

७

पुढील काळात कापसाचे क्षेत्र पॉइनसेटमध्ये आक्रसले आणि भात व सोयाबीन वाढले. बटाईदार हा शब्द गणनेच्या तक्त्यांतून १९५९ नंतर नाहीसा झाला. परंतु अनुदान आणि त्याची परिभाषा टिकली. काउंटी समित्याही टिकल्या. त्या निवडणुकीने बनू लागल्या, तरी दक्षिणेत त्यांच्यावर गोऱ्या जमीनमालकांचेच वर्चस्व दीर्घकाळ राहिले. शेतकी-खात्याच्या कर्जांत व लाभांत भेदभाव झाल्याची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची पिगफर्ड नावाची सामुदायिक फिर्याद १९९९ साली तडजोडीने मिटली. तिच्या मुळाशी काउंटीच्या कचेरीतील याच अधिकाराचा प्रश्न होता.

१९७० च्या कायद्याने प्रथमच अनुदानाला मर्यादा घातली : प्रत्येक पिकासाठी प्रत्येक ‘व्यक्ती’ला ५५ हजार डॉलर. त्याबरोबर ‘व्यक्ती’ या शब्दाची व्याख्या हा वकिलांचा धंदा झाला. एकच शेत भागीदाऱ्या आणि कंपन्या यांच्यात विभागून अनेक व्यक्ती निर्माण करता येत. त्या रचनेच्या फांद्यांवरून तिला ‘मिसिसिपीचे ख्रिसमस-झाड’ असे उपहासाचे नाव पडले. १९८७ च्या कायद्याने एका माणसाला तीन संस्थांपर्यंत अनुदान घेऊ दिले आणि त्याने ‘शेतीत प्रत्यक्ष गुंतलेले’ असावे अशी अट घातली. २००८ च्या कायद्याने ही तीन संस्थांची सवलत काढून प्रत्येक चेक खऱ्या माणसाच्या नावे मोजण्यास सुरुवात केली. २०१८ च्या कायद्याने ‘कुटुंब’ या संज्ञेत चुलत-मावस भावंडे व भाचे-पुतणेही आणले. ‘प्रत्यक्ष गुंतणे’ यात व्यवस्थापनाचा सल्लाही बसू शकतो. नांगर धरावाच लागतो असे नाही.

१९३४ मधील ‘व्यवस्थापक वाटेकरी’ आणि पुढील काळातील ‘प्रत्यक्ष गुंतलेली व्यक्ती’ या दोन संज्ञा शेजारी ठेवल्या, तर त्यांतील सातत्य लपत नाही. दोहोंतही मेहनतीपेक्षा व्यवस्थापनाला शेती मानले आहे. फरक एवढाच, की १९३४ साली व्याख्येच्या बाहेर पडलेला माणूस मळ्यावरच राहत होता आणि आपण बाहेर का, असे विचारण्यास टायरोन्झाच्या शाळेत येऊ शकत होता. पुढे मर्यादेच्या आणि नातेसंबंधांच्या वाटाघाटी झाल्या, त्या वेळी तो तेथे नव्हता. टायरोन्झा येथे मिचेल आणि ईस्ट यांच्या जुन्या दुकानांच्या इमारतीत आर्कान्सास स्टेट विद्यापीठाने २००६ साली त्या संघटनेचे संग्रहालय उघडले. तिच्या सभासदांची घरे होती तेथे बव्हंशी सलग शेते आहेत.

अनुदानाच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाने रकमांचे तक्ते तपासावेत हे उघडच आहे; परंतु त्या तक्त्यांतील रकान्यांची नावे कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीने ठरविली, हेही त्याने तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. पॉइनसेट काउंटीत साडेचार सेंटांची विभागणी होण्यापूर्वी ‘खंड’, ‘उत्पादक’ आणि ‘संख्या’ या तीन शब्दांची निवड होऊन चुकली होती, आणि विभागणी तिच्यामागून चालत आली.